भाजीबाजारातलं कुलूप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, ज्याच्यासोबत रोज सकाळी फिरायला जातो त्या मित्राला नाही, कार्यालयात तर नाहीच. लिंबं विकणाऱ्या एका पोरीला कापसाच्या बंद जिनिंग गिरणीच्या मागं एका माणसानं धरलं, त्या दिवशी भाजीबाजारातल्या महिला स्वच्छतागृहाला कुलूप होतं आणि त्याची चाबी माझ्या ड्रॉवरमध्ये होती. पोलिसांनी कार्यालयाला विचारलं तेव्हा मी लेखी दिलं की स्वच्छतागृह सुरू होतं.

पण लिहायचं आहे ते त्या पोरीच्या शेजारी बसणाऱ्या भाजीवालीबद्दल. तिच्याबद्दल लिहायचं तर आधी एवढं सांगणं भाग होतं.

मी स्वच्छता निरीक्षक. अमरावतीत नोकरी केली, अकोल्यात केली, मधल्या लहान गावांतही बदलीवर जाऊन आलो. हा बाजार यांतल्या कोणत्या गावचा ते लिहीत नाही. कार्यालयाचं नाव घेतलं की दोषातला माझा वाटा पातळ होतो. तो मला होऊ द्यायचा नाही.

ती भाजीवाली कार्यालयात आली की बोलण्याआधी माझ्या टेबलावर पाण्याची बाटली ठेवायची. लिटरभराची, लेबल निघालेली, गळ्यापर्यंत भरलेली.

"पाहा साहेब. सकाळी सहाले भरली. आता किती वाजले?"

"साडेतीन."

"एक घोट कमी झाला काय?"

पन्नाशी ओलांडलेली, अंगानं बारकी. मनगटात दोन काचेच्या बांगड्या आणि त्यांच्यामागं मेथीच्या जुड्यांना लावायचे दहा-बारा रबरबँड. खोळंबून बसावं लागलं की ती ते रबर एकेक करून ताणून सोडायची. टक्. टक्. बाबूंचं त्यानं डोकं उठायचं, आणि मला वाटतं, ते तिला ठाऊक असावं.

तुम्ही अशा बाया पाहिल्या असतील. सरकारी कार्यालयात येतात, दाराशी घुटमळतात, कुणी हटकलं की मागं सरतात. ही तशी नव्हती. ही थेट आत यायची, "जय भीम साहेब" म्हणायची आणि न विचारता खुर्ची ओढायची. आम्ही "नमस्कार" म्हणायचो. ती पुन्हा, जरा मोठ्यानं, "जय भीम" म्हणायची. आम्ही फाईल उघडायचो.

बाजारात तीस-चाळीस बाया बसायच्या. पहाटेच्या गाडीनं यायच्या, सांजेला जायच्या. मधल्या बारा तासांत लघवीला जायला जागा नाही. म्हणून पाणी प्यायचं नाही. एप्रिल-मे मधलं आमच्याकडचं ऊन ज्यांनी पाहिलं आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. तिला आजार जडला होता आणि त्याचं नाव घ्यायला ती लाजत नव्हती. "आग होते साहेब, लघवीले आग होते," असं ती भरल्या कार्यालयात सांगायची, आणि चार पुरुष एकदम खाली पाहायचे.

स्वच्छतागृह नव्हतं असं नाही. नवंकोरं होतं. पांढऱ्या टाइल्स, आरसा, वर गुलाबी पाटी. फीत कापून झाली त्याच दिवशी आम्ही त्याला कुलूप लावलं. स्वच्छतेच्या तपासणीचं पथक येणार होतं; वापरलं तर घाण होणार, घाण झालं तर गुण कापले जाणार. पथक आलं, फोटो काढून गेलं. मग पुढच्या पथकाची चाहूल लागली. दरम्यान उन्हाळा लागला आणि आमच्याच विभागानं त्या बंद दारावर एक फलक बांधला: उष्माघात टाळा, भरपूर पाणी प्या.

फलक मीच बांधून घेतला होता. तेव्हा त्यात काही चुकलंय असं माझ्या मनातही आलं नाही.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी आमच्याकडे लोकशाही दिन असतो. लोकांनी थेट अधिकाऱ्यांपुढे तक्रार मांडायची. ती दर पहिल्या सोमवारी यायची. एका सोमवारी आमच्या वरिष्ठांनी तिला जरा गोडीनं घेतलं. "मावशी, एवढं पथक येऊन जाऊ द्या. मग ते तुमचंच आहे. वापरात आलं की घाण होते, आणि घाण झालं की आपल्या शहराचे गुण कापले जातात."

तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे आमी मुतलो का तुमी नापास?"

मागच्या रांगेतलं कुणीतरी फुस्सकन हसलं. वरिष्ठांचा चेहरा उतरला. तो सोमवार संपल्यावर त्यांनी मला बोलावून सांगितलं, "ही बाई पुन्हा माझ्यापुढे यायला नको. तुमच्या टेबलावरच निपटवा."

निपटवणं आम्हाला चांगलं जमतं. दर महिन्याला मी जो अहवाल पाठवायचो त्यात 'सर्व महिला स्वच्छतागृहे सुरू व वापरात' असं वाक्य होतं. मागच्या महिन्याची प्रत उघडायची, तारीख बदलायची, पाठवायची. आता स्वच्छतागृह बंद असल्याची तक्रार आवक नोंदवहीत घेतली तर माझाच अहवाल खोटा ठरणार. म्हणून मी बाबूला सांगितलं, हिची तक्रार पिण्याच्या पाण्याच्या नावानं घे. बाटली घेऊनच येते ना? बाबूनं घेतली. तिला पोच मिळायची, त्यावर नुसता नंबर. सात महिन्यांत सात तक्रारी, सातही पाण्याच्या.

कार्यालयात तिचं नाव 'बाटलीवाली' पडलं होतं. एकदा त्या बाबूनं ती जिना चढताना दिसल्यावर मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "आली बाटलीवाली."

ती त्याच्याच टेबलाशी थांबली. "हो, आली. माह्यावाली पान्याची हाये. तुह्यावाली कोनती हाये रे बाप्पा?"

बाबूची संध्याकाळची सवय साऱ्या कार्यालयाला माहीत होती. आठवडाभर त्याला कुणी ना कुणी विचारत राहिलं, "तुह्यावाली कोनती?" मीही विचारलं. तिच्या बाजूनं मी केलेली तेवढीच एक गोष्ट.

तिचं एक पालुपद होतं. आपण काही समजावू लागलो की ती हात आडवा धरायची. "बोलून काय होते? चाला." म्हणजे माझ्यासोबत चालत या, पाहा. सगळेच टाळायचे. मीही पाच महिने टाळलं. सहाव्या महिन्यात, फेब्रुवारीतल्या एका दुपारी, तिकडे दुसरं काम होतं म्हणून गेलो.

ती पुढं, मी मागं. भाजीच्या ओळी संपल्या, कांद्याची गोदामं लागली, त्यांच्या कडेला बंद पडलेल्या जिनिंगची भिंत. भिंत आणि गोदाम यांच्यामध्ये एका माणसाला जाता येईल एवढी फट. फटीच्या तोंडाशी एक बाई काळी छत्री उघडून, आमच्याकडे पाठ करून उभी होती.

"थांबा इथंच," भाजीवाली मला म्हणाली.

थोड्या वेळानं छत्री मिटली. आतून एक तरुण पोरगी पदर सावरत बाहेर आली, मला पाहून थबकली आणि मान खाली घालून गेली. तीच लिंबंवाली. लग्न होऊन वर्ष झालेलं, सासरची शेती दोनच एकर, म्हणून बाजारात बसायची.

"हे आमचं शौचालय," भाजीवाली म्हणाली. "एकटीनं जाचं नाही. एकीनं छत्री धराची, एकीनं जाचं. छत्री दिसली का बाजारातला मानूस इकडे येत नाही, तेवढी त्यायले समज हाये. ह्या पोट्टीची छत्री म्या धरतो, माही ते धरते." मग माझ्याकडे वळून, "पायलं? आता चाबी द्या."

मी म्हटलं, "वर कळवतो."

आणि कळवलं. खरंच कळवलं, हे मला सांगितलंच पाहिजे. 'सदर जागा निर्जन असून महिलांच्या दृष्टीने असुरक्षित आहे', असा अहवाल दिला. वरिष्ठ खूश झाले. महिला सुरक्षेच्या नावाखाली दिव्यांची आणि कॅमेऱ्यांची तरतूद पडून होती. कुलूप काढायला तरतूद लागत नाही, म्हणून त्याची फाईल होत नाही, आणि फाईल नाही ते काम होत नाही. महिनाभरात त्या फटीच्या तोंडाशी उंच खांब उभा राहिला. वर मोठा दिवा, आणि दिव्याखाली थेट फटीत पाहणारा कॅमेरा.

त्या महिन्यात ती सोमवारची वाट न पाहता आली. बाटली ठेवली नाही, बसली नाही.

"म्या तुमाले चालून दाखवलं ते याच्यासाठी काय?"

"मावशी, तुमच्या सुरक्षेसाठीच..."

"कोनाच्या? आडोसा होता थोही गेला. आता आमी बसाचं अन् तुमी टीव्हीवर पाहाचं?"

बाया आता कॅमेऱ्याच्या पलीकडे, जिनिंगच्या मागच्या बाजूला जाऊ लागल्या. तिथं वस्ती नाही, हाक ऐकू येत नाही. मी दिलेल्या अहवालानं त्यांना तिथं नेलं.

एप्रिलचा पहिला सोमवार. दोन वाजता ती आली, माझ्यासमोर बसली, बाटली ठेवली. मी म्हटलं, साहेब मीटिंगमध्ये आहेत, बसा. साहेब मीटिंगमध्ये नव्हते, जेवून आडवे झाले होते. मला वाटलं, कंटाळून जाईल. दोन तास ती रबर ताणत बसली आणि मी दोन तास कागद उलटेपालटे करत राहिलो. चार वाजता तिला फोन आला. ऐकता ऐकता तिचा हात थांबला. मग ती उठली ती धावतच गेली. बाटली टेबलावरच राहिली.

रोज छत्री धरणारी माझ्यासमोर बसलेली होती, दुसरी कुणी त्या वेळी गिऱ्हाईक सोडून उठेना, म्हणून ती पोरगी एकटी गेली. गोदामावरच्या एका माणसानं तिला मागच्या बाजूला गाठलं, तोंड दाबलं, ओढलं. तिनं चावा घेऊन सुटका करून घेतली आणि अनवाणी बाजारात आली. ब्लाउजची बाही फाटली होती. भाजीवाली तिला तशीच घेऊन पोलीस ठाण्यात गेली आणि रिपोर्ट लिहून होईपर्यंत तिथून उठली नाही.

मला हे सारं पाच वाजता कळलं. पहिली गोष्ट मी काय केली? ड्रॉवर उघडला, चाबी काढली, आमच्याकडच्या सफाईकामगार बाईला दिली आणि सांगितलं, आत्ताच्या आत्ता कुलूप काढ, दोन बादल्या पाणी टाक, साबण ठेव. फलकही काढायला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस जागा पाहायला आले तेव्हा दार उघडं होतं, फरशी ओली होती. मी तिथं उभा होतो. गोदामाचा मालकही होता, आणि तो पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "शौचालय समोर उघडं असताना ही बाई तिकडं गेलीच कशाले?" पोलिसांनाही तोच प्रश्न पडलेला दिसला.

भाजीवाली गर्दीतून पुढं आली. "साहेब, सांगा यायले. काल कुलूप होतं."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटलं, "मावशी, स्वच्छतागृह सुरूच असतं."

मला वाटलं, ती ओरडेल. ती जवळ आली आणि माझ्याशी पहिल्यांदाच एकेरीत बोलली. "काल दोन घंटे म्या तुह्यासमोर बसून होती ना रे? कशासाठी बसून होती मंग?"

"तुमची तक्रार पाण्याची होती," मी म्हणालो. "नोंद आहे."

हे वाक्य मी नंतर पुष्कळदा मनातल्या मनात ऐकलं आहे. बोलताना आवाज जरासुद्धा कापला नव्हता.

आठवड्यानं पोलिसांचं रीतसर पत्र आलं, त्या दिवशी स्वच्छतागृह सुरू होते किंवा कसे. पत्र माझ्या टेबलावर एक रात्र राहिलं. रात्रभर विचार केला असं लिहिलं तर बरं दिसेल. मी झोपलो होतो. सकाळी 'सुरू होते' असं लिहिलं, जुने अहवाल जोडले, सही केली. प्रकरण पुढं गेलं नाही. पोरीच्या सासरच्यांनी तेवढंच धरलं: कागदावर तर उघडं होतं, मग ही मागं कुणाला भेटायला गेली होती? तिला माहेरी, वरूडकडे पाठवून दिलं. गोदामावरचा माणूस पंधरा दिवसांत कामावर परत आला.

स्वच्छतागृह मात्र तेव्हापासून उघडं राहिलं. बंद करायची कुणाची हिंमत नव्हती. मला वाटलं होतं, ती रागानं तिथं पाय ठेवणार नाही. पण तिचा राग तसला नव्हता. पहिले काही दिवस ती स्वतः दाराशी उभी राहून एकेकीला आत पाठवत होती. "जा व माय, पानी पे अन् जा. लय महाग पडलं हे." कडी तुटली तर तिनंच आमच्या कामगाराला धरून आणून बसवून घेतली. सकाळी सहाला उघडलं नाही तर सात वाजता तिचा फोन थेट आयुक्तांच्या बंगल्यावर. वर्षभरात बाजाराचं शहरात नाव झालं, आणि एका कार्यक्रमात त्याबद्दल माझा सत्कार झाला. नारळ, शाल. मी घेतली.

कार्यालयात ती पुन्हा आली नाही. मी बाजारात गेलो की ती मला पाहायची नाही. एकदा मुद्दाम तिच्यापुढं थांबलो. मेथीचा ढीग होता, सांभाराच्या हिरव्यागार जुड्या होत्या. तुम्ही कोथिंबीर म्हणता तीच.

"मेथी कशी दिली?"

"संपली."

"ही काय समोर..."

"संपली म्हनलं ना. सांभारही संपला." आणि ढिगावर पाणी शिंपडू लागली. शेजारच्या जागी आता दुसरी कुणी लिंबं घेऊन बसली होती. तिनं माझ्याकडे पाहून तोंडाला पदर लावला.

मी अजून दोन-तीनदा गेलो. दर वेळी संपलेली.

मग एका हिवाळ्यात ढीगही दिसला नाही आणि तीही. चौकशी केली तर कळलं, किडनीचं दुखणं वाढलं म्हणून मुलीकडे अकोटला गेली. मी जायचं ठरवलं. ठरवल्यापासून जाईपर्यंत चार महिने गेले. एका रविवारी एसटीत बसलो. जे आज इथं लिहिलं ते तिला तोंडानं सांगायचं, ती शिव्या देईल त्या ऐकायच्या, असं ठरवून.

मुलगी अंगणवाडीत काम करते. दारातच विचारलं, "निस्पेक्टर काय तुमी?"

"हो. आई..."

"या ना, बसा. आई गेली. दीड महिना झाला."

भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली तिचा फोटो होता. फोटोत ती कॅमेऱ्याकडे, आमच्या बाबूकडे पाहायची तशी पाहत होती. मी बसलो. जे पाठ करून आलो होतो तेच बोलू लागलो. "मला त्यांना एक सांगायचं होतं. त्या दिवशी जे..."

"चाबी तुमच्या ड्रॉवरमधी होती," मुलगी म्हणाली. "माईत हाये."

"कुणी सांगितलं?"

"कोनं सांगाले पायजे? सांजच्याले कुलूप काढलं त्या बाईले चाबी कोनं देली होती? साऱ्या बाजाराले माईत हाये भाऊ. आईले तर त्याच दिवशी माईत झालं. तुमालेच वाटते का कोनाले माईत नाही."

ती रागावलेली नव्हती. भाजी निवडत होती, निवडत राहिली. मी विचारलं, आई मला काय म्हणायची.

"काई नाही. तुमचं नाव नाही काढे. त्या पोट्टीचं काढे. आखरीले बी तेच. वरूडले संत्र्याच्या पॅकिंगले जाते ते आता, सासरचे नेत नाईत. आई म्हने, साऱ्यायले माईत असून काय कामाचं? कागदावर तर पोरगी खोटीच हाये."

मी उठलो. तिनं "चहा घेऊन जा" म्हटलं नाही, आणि ते बरं झालं.

म्हणजे ज्याला मी इतकी वर्षं गुपित म्हणून जपलं ते गुपित नव्हतंच. मेथी मागताना, लिंबं घेताना, सत्काराची शाल अंगावर असताना, समोरच्या प्रत्येक बाईला ते ठाऊक होतं. ठाऊक नाही ते फक्त पोलिसांच्या फाईलीतल्या एका कागदाला, आणि त्या कागदावर सही माझी आहे. तुम्हाला हे सांगून माझं ओझं हलकं झालं असेल, तर त्याचा त्या पोरीला काडीचा उपयोग नाही. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं उरली आहेत, आणि पेन्शनची भीती वाटते हेही खरं आहे.

मला पोलीस ठाण्यात एक अर्ज द्यायचा आहे. त्यात तीन वाक्यं हवीत. त्या दिवशी स्वच्छतागृहाला कुलूप होतं. मी खोटं लिहून दिलं. ती मुलगी खरं बोलली. खाली माझं नाव, हुद्दा आणि सही, आणि त्याची एक प्रत वरूडला तिच्या हातात. तो अर्ज मी अजून दिलेला नाही.